दोन एसीचं कोटेशन आलंय, पण आधी घराचंच काही करता येईल का? (सांगली)

विश्रामबागी | ६ एप्रिल, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. घर विश्रामबागेत, १९९४ सालचं. खाली तीन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. भिंती नऊ इंची विटेच्या, स्लॅब पाच इंची, वर वीटतुकड्यांचा कोबा. वरच्या पश्चिमेकडच्या खोलीत आई झोपते. वय ७६. खाली झोप म्हटलं की "तुझे बाबा होते तेव्हापासून मी वरच झोपते" हे ठरलेलं उत्तर.

परवा रात्री साडेनऊला तिच्या खोलीत गेलो तर पंखा पाचवर आणि खाली येणारी हवा चुलीच्या तोंडासमोर बसल्यासारखी. कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक कपाटात होती. ती काढून छतावर रोखली. आकडा आलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून यायला लागलं. आई म्हणाली, "कुणाला हाय करतंय ते?"

दुकानातला माणूस येऊन बघून गेला. दीड टनाचे दोन एसी, वेगळं वायरिंग, स्टॅबिलायझर, सगळं धरून लाखाच्या पुढे. मे महिन्यात आमचं मीटर एसी नसतानाच ३०० युनिटांची पायरी ओलांडतं. जर्मनीतला भाचा म्हणतो, "मामा, एसी नको, घर एनर्फिट करून घे." म्हणजे काय ते त्याने अर्धा तास सांगितलं. मला एवढंच कळलं की खिडक्या तीन काचांच्या लागतात.

कुणी जुन्या घरात असं काही केलंय का? केलं असेल तर सुरुवात कुठून केली?

आकडेमोड | ६ एप्रिल, रात्री ११:४०

आधी बंदुकीचं मोड बटण दाबा. अंगाच्या तापाच्या मोडमध्ये ती ४३ च्या पुढे वाचत नाही. सरफेस मोडवर टाका आणि एक अख्खा दिवस छत, चारही भिंती, खिडकीची काच मोजा. पत्र्यावर नि चकचकीत स्टीलवर मात्र रोखू नका, तिथे ती खोटं बोलते. आकडे इथे टाका, मग बोलू. मोजल्याशिवाय सल्ला मागणं म्हणजे नाडी न दाखवता औषध मागणं.

मिरज_जंक्शन | ७ एप्रिल, सकाळी ८:०५

एवढं कशाला राव. आई ७६ वर्षांची आहे, एसी लावा आणि मोकळे व्हा. उन्हाळा बाधला तर दवाखान्याचं बिल एसीपेक्षा मोठं येतं. कंपनी कुठली घ्यायची ते विचारा, ते सांगतो.

विश्रामबागी | ७ एप्रिल, रात्री ११:३०

@मिरज_जंक्शन, एसी घेणारच नाही असं नाही. पण तापलेल्या तव्याखाली बर्फ धरून बसायचं, असं वाटतंय.

@आकडेमोड, बटण सापडलं! हे आईच्या खोलीचे आकडे. छताचा आतला भाग: सकाळी ७ ला ३३, दुपारी १ ला ३६, ४ ला ४०, रात्री ८ ला ४४, ११ ला ४२. पश्चिमेची भिंत रात्री ८ ला ३८. दक्षिणेची ३४. दुपारी दीडला गच्चीवर गेलो तर कोबा ६१. चप्पल विसरलो होतो, दारातूनच परत आलो.

मला वाटलं होतं दुपारी छत जास्त तापलेलं असेल. रात्री आठ?

साईट_इंजिनियर | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

रात्री आठच. स्लॅब आणि कोबा मिळून आठ-नऊ इंचांचा दगडच आहे तो. दुपारी दीडचं ऊन तेवढी जाडी ओलांडून खालच्या बाजूला यायला सहा-सात तास घेतं. म्हणून दुपारी खोली त्यामानाने बरी वाटते आणि नेमकी अंथरूण टाकायच्या वेळी भट्टी होते. पंखा तीच छताखालची हवा खाली ढकलतो.

आता दक्षिणेची भिंत गार का? सांगली जवळपास १७ अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन लागतच नाही म्हटलं तरी चालेल. सगळा मार गच्चीवर, आणि उरलेला सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. तेव्हा पैसे आधी गच्चीवर घालायचे. मग पश्चिम. खिडक्यांच्या तीन काचा विसरा.

ढोबळ हिशोब देतो. तुमच्या छताच्या एका चौरस मीटरमधून, वरखाली एक अंशाचा फरक असेल तर, साधारण २.४ वॅट उष्णता आत येते. आम्ही ह्याला यू व्हॅल्यू म्हणतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली नव्या घरांसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यात छताला १.२ ची मर्यादा आहे. तुम्ही दुप्पट. खोली १२ चौरस मीटरची धरली, वर साठ अंश आणि आत तीस, तर ऐन भरात साडेआठशे-नऊशे वॅट. जाडीमुळे ते थोडं पसरून येतं, पण कल्पना यावी म्हणून सांगतो, छताला इस्त्री उलटी टांगून चालू ठेवल्यासारखं आहे. एसीचा बराच जोर त्या इस्त्रीशी भांडण्यात जाईल.

वर इंचभर एक्सपीएस फोम टाकला (गुलाबी-निळ्या रंगाच्या पाट्या येतात त्या, थर्माकोल नव्हे) तर २.४ चा ०.८ होतो. दुसरा इंच टाकला तर ०.५. म्हणजे पहिला इंच खरा कामाचा, तिसऱ्या-चौथ्याला आपल्याकडे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

तासगाव_ते_म्युनिक | ८ एप्रिल, दुपारी १:१५

तुमच्या भाच्याच्या बाजूने दोन शब्द. मी इथे अशाच घरात भाड्याने राहतो. डार्मस्टाट गावात १९९१ साली पहिल्या पासिव्ह हाउसमध्ये (म्हणजे अगदी थोड्या हीटिंगवर उबदार राहणाऱ्या घरात) लोक राहायला आले. नियम असा की घर गरम ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटांपेक्षा जास्त उष्णता लागता कामा नये. जुन्या घराला तेवढं जमत नाही म्हणून त्यांनी एनर्फिट काढलं, तिथे इथल्या हवेसाठी २५ ची सूट. दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घर किती गळतं ते मोजतात. सगळा खटाटोप बाहेर उणे पाच आणि आत वीस असताना ऊब आत कोंडून ठेवायचा.

सांगलीत एप्रिलच्या पहाटे बाहेर २३-२४ असतं आणि आत छत ३३. तिथे घर हवाबंद करून काय कोंडणार? भाचा चुकीचा नाही, गाव चुकीचं धरलंय त्याने.

एक गोष्ट मात्र इथली उचला. हे लोक खिडकीचं ऊन बाहेर अडवतात, गुंडाळी शटरने. आपण आतून जाड पडदा लावतो आणि खूश होतो. ऊन काचेतून आत आलं की आलं, पडदा तापणार आणि खोलीतच तापणार.

माणदेशी | ८ एप्रिल, रात्री ९:००

आमच्याकडं आटपाडीत आज्ज्याचं माळवद हाय अजून. खाली तुळया, त्यावर किलच्या, मग पाला, मग हातभर पांढरी माती. मे महिन्यात भर बारा वाजता आत गेलं की माठात शिरल्यागत वाटतंय. वरच्या सवण्यातनं गरम वाफ भाईर. पण दर पावसाच्या आधी माती चोपायला लागती, ती कुणी करंना, म्हणून वडलांनी फुडं स्लॅब टाकला. आता आज्जी माळवदात गार आन आमी सिमिटात भाजतोय. तवा तुमी बी गच्चीवर चार इंच पांढरी माती टाकून बगा की.

साईट_इंजिनियर | ८ एप्रिल, रात्री ९:२५

माणदेशी भाऊ, माळवदाला नमस्कार, पण हा सल्ला ह्या गच्चीवर नको. चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला कोरडी पावणेदोनशे किलो, भिजली की दोनशेच्या वर. माणसं चढतात अशा गच्चीला आम्ही वापराचा भार धरतो दीडशे किलो. कोब्याचं वजन आधीच बसलेलं आहे. त्यात स्लॅब तीस वर्षांचा, सळ्या आत कशा आहेत ते कुणी पाहिलेलं नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या आई-वडिलांनी अनुभवलाय. डोक्यावर जितकं ओझं, तितका हेलकावा मोठा. माळवदाला तेवढ्यासाठीच जाडजूड भिंती आणि जवळजवळ तुळया असायच्या. इंचभर फोमचं वजन चौरस मीटरला किलोसुद्धा होत नाही.

कुंड्यांची बाग करणाऱ्यांनीही हा हिशोब करावा. तो विषय वेगळा, सोडतो.

दुपारचा_चहा | ९ एप्रिल, सकाळी १०:४०

आम्ही आतून थर्माकोल आणि पीओपीचं फॉल्स सिलिंग केलं कुपवाडला. फरक पडला हो. मग हे का नाही चालणार?

साईट_इंजिनियर | ९ एप्रिल, सकाळी ११:१०

फरक पडतो, नाही कसा. पण खालून अडवलं की स्लॅबची उष्णता खाली उतरायची वाट बंद होते आणि स्लॅब आणखी तापतो. दिवसा फुगतो, रात्री आकसतो, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी भेग पडते, आणि जूनमध्ये तुम्ही मला फोन करता. शिवाय डोक्यावर थर्माकोल आणि त्यातूनच वायरी. एक ठिणगी पुरे. वरून अडवा, स्लॅबला सावलीत ठेवा.

गावभागातली | ९ एप्रिल, रात्री १०:०५

गच्चीचं चाललंय, पण तळमजल्याचंही थोडं ऐका. आमचा जुना वाडा, गावभागात. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या माजघरात कमरेच्या वर होतं. त्याच्या आदल्या वर्षी एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून भिंतींना आतून लाकडी फ्रेम, मध्ये लोकर, वर जिप्समचे बोर्ड लावले होते. "वहिनी, एसी अर्ध्या वेळेत गार करेल." पाणी ओसरल्यावर बोर्ड हाताने उचकटले तर आतली लोकर गाळाने भरलेली, ओल्या गोधडीसारखी लोंबत होती. वास दिवाळीपर्यंत गेला नाही. आणि भिंत सुकायला तिच्यापर्यंत हवाच पोचत नव्हती.

आता खाली काहीही चिकटवलेलं नाही. सिमेंटचं प्लास्टर काढून चुन्याचं केलंय, कारण जुन्या विटांतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते आणि पापुद्रे धरते. वायरिंगचे बोर्ड छातीच्या उंचीवर. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा धुतलं, वाळवलं, महिन्यात राहायला लागलो. नदीकाठच्या माणसाने गार काय राहील ह्याच्या आधी भिजल्यावर लवकर काय सुकेल ते बघावं.

पाचगणीचा_घाट | १० एप्रिल, सकाळी ७:५०

वरच्या ताईंना दुजोरा. आमच्याकडे उन्हाचा नाही, चार महिन्यांच्या ओलीचा प्रश्न. पूर्वी पाऊस सुरू व्हायच्या आत भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधायचे. पाऊस झडीवर, भिंत कोरडी, आणि मधून वारा खेळता. हल्ली निळा-काळा प्लास्टिक कागद बांधतात. मी एका वर्षी शहाणपणा करून खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या, थंडी येऊ नये म्हणून. ऑगस्टमध्ये कपाटामागे काळी बुरशी, चामड्याच्या चपलांवर हिरवी. आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ जाणार कुठे? फटी उघडल्या नाहीत, पण न्हाणीघरात नि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवले, तेव्हा थांबलं.

सावळजचा_बेदाणा | १० एप्रिल, दुपारी ४:३०

पश्चिमेच्या भिंतीला आमच्या बेदाणा शेडची हिरवी नेट वापरा. तासगावात कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळते, ७५ टक्के सावलीची मागा. भिंतीला चिकटवायची नाही. फूट-दीड फूट पुढे पाइपची चौकट, मध्ये वारा जायला पाहिजे. एप्रिल सरला की शेडचं काम उरकतं, तेव्हा जुनी नेट कोणी तरी फुकटही देईल.

आणि कुणी पत्र्यावर उसाचं पाचट टाकायचा सल्ला देईल. गोठ्यावर ठीक आहे, राहत्या घरावर नको. उंदीर, आणि दिवाळीचा एक बाण.

विश्रामबागी | २८ एप्रिल, रात्री १०:४५

बराच वेळ गायब होतो, काम चालू होतं. काय केलं ते सांगतो.

फोमचं कोटेशन काढलं. वर जाळी, काँक्रीट, फरशी हे सगळं धरून आमच्या ९०० फुटांना एसीइतकाच आकडा आला, म्हणून तो पुढच्या वर्षावर ढकलला. यंदा गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा थर. आधी गच्ची तारेच्या ब्रशने घासली, एक दिवस कडक वाळवली, मग प्रायमर आणि दोन हात. नवा पांढरा थर ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, आमचा काळवंडलेला कोबा जेमतेम ३० परतवत असेल. खर्च मजुरीसकट ३१ हजार.

दुपारी दीडला गच्ची: ४३. छत रात्री ८ ला: ३७. बाहेर त्या दिवशी ३९ होतं, पहिल्या मोजणीच्या दिवशीही साधारण तेवढंच.

पश्चिमेला नेट लागली. बेदाणावाले दादा, नेट सावळजहून नाही पण तासगावहूनच आणली. आईच्या खोलीची खिडकी स्लायडिंगची, उघडून उघडून अर्धीच उघडते, त्यात डासांची जाळी. म्हणून पलीकडच्या खोलीत एक्झॉस्ट बसवला, रात्री दहानंतर चालू. तो आईच्या खिडकीतून बाहेरची गार हवा ओढतो. सकाळी सातला खिडक्या, दारं, सगळं बंद. ह्याला आईचा विरोध होता ("सकाळची हवा कोण बंद करतं?"), आता ती स्वतःच साडेसहाला फिरून बंद करते.

चार पंखे बदलले. जुने ७५ वॅटचे, नवे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३० चे. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला साधारण ६५ युनिट वाचतील.

एक तक्रार आली. मागच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आमच्या गच्चीची तिरीप जाते. "दहा वाजले की कणिक मळताना डोळे दिपतात," म्हणाल्या. खरं आहे, जाऊन बघून आलो. त्या बाजूला पॅरापेटवर उरलेली नेट बांधली.

आकडेमोड | २८ एप्रिल, रात्री ११:२०

सात अंश! छान. पण पांढरेपणा टिकवावा लागतो. धूळ आणि पावसाळ्यातलं शेवाळ बसलं की तो उतरतो. दर फेब्रुवारीत नुसत्या पाण्याने नि ब्रशने धुवा. सोलरचं बघताय का? पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, आणि पॅनेलची सावली गच्चीला फुकट.

विश्रामबागी | २९ एप्रिल, सकाळी ७:१०

बघतोय, पण आधी दोन महिन्यांची बिलं येऊ देत. आता किती युनिट लागतात तेच माहीत नाही, मग पॅनेल किती घालायची?

विश्रामबागी | १९ मे, रात्री ९:५५

वाईट बातमी. शुक्रवारी वळीव झाला, गारांसकट. आईच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल उतरली. रंगवणाऱ्याने मला सांगितलं होतं की ह्या थरानेच वॉटरप्रूफिंग होतं, भेगा वेगळ्या भरायची गरज नाही. मीही मान डोलावली, कारण स्वस्त पडत होतं. आज वर जाऊन पाहिलं तर पॅरापेटच्या बुडाशी केसाएवढी भेग, तिच्यावरचा पांढरा थर फुग्यासारखा उचललेला. नखाने दाबला तर पाणी आलं.

साईट_इंजिनियर | १९ मे, रात्री १०:१५

आता घाईने वरून लेप देऊ नका. तेवढा पट्टा खरवडा, भेग व्ही आकारात कापून भरा, कोपऱ्याला गोलाई (वाटा) करा, त्यावर जाळी आणि मग थर. आणि पूर्ण वाळल्यावरच. मध्ये पाऊस आला तर ताडपत्री. पन्हाळाची तोंडंही बघून घ्या, निम्मं गळणं तिथूनच असतं.

मिरज_जंक्शन | २० मे, सकाळी ८:३०

एसी लावला असता तर गळलं नसतं. 😀

विश्रामबागी | ८ जून, संध्याकाळी ६:२०

भेग भरली, त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, कोपरा कोरडा. मे महिन्याचं बिल आलं: २३४ युनिट. गेल्या मेमध्ये ३१८ होतं.

@मिरज_जंक्शन, एक एसी घेतला. एकच, एक टनाचा, आईच्या खोलीत. वळवाआधीच्या त्या चिकचिकीत, छत ३७ असलं तरी, रात्री अंग वाळत नव्हतं आणि तिला दोनदा गरगरलं. तिथे पांढरा रंग काही करत नाही, हे कबूल. २६ वर ठेवतो, पंखा दोनवर, रात्री दोनला आपोआप बंद. एकूण सोळा रात्री लावला. दुकानदार दीड टनाच्या खाली यायला तयार नव्हता, त्याला मोबाइलवर छताचे आकडे दाखवले.

आईची तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. अक्षय्य तृतीयेनंतर तिने कुरडया घातल्या, नेहमीसारख्या गच्चीवर, प्लास्टिकच्या कागदावर. दरवर्षी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडक होणाऱ्या कुरडया यंदा तिसऱ्या दिवशीही मधोमध वाकत होत्या. तिने हात टेकवून गच्ची पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन घाणे मागच्या काकूंच्या गच्चीवर वाळले. काकूंचा कोबा काळाच आहे. त्यांना मी गेल्या आठवड्यात पांढऱ्या थराबद्दल सांगायला गेलो होतो, तर आईने मागून मला हाताने गप्प बस अशी खूण केली.